आगरावरच्या बाळंतिणी

कल्याण, १४ जानेवारी १८८९

आज संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर चार माणसांनी एक खाट आणून ठेवली. खाटेवर बाळंतीण होती. ओहोटीत होडी चिखलात रुतली म्हणून उशीर झाला, असं ते सांगत होते. बाई वाटेतच गेली होती. तरी मी तिचं मनगट हातात घेऊन थोडा वेळ बसलो. ते तिच्यासाठी नव्हतं, तिच्या नवऱ्यासाठी होतं.

नवऱ्याचं नाव गुणाजी. खाडीपलीकडच्या मिठागरांवर काम करतो, तिथल्याच पाड्यावर राहतो. बाईचं नाव रतन. पहाटे मुलगा झाला, तो घरी चांगला आहे म्हणे.

गुणाजी रडला नाही. मला म्हणाला, "डाक्तर, सकाली ती माज्याशी बोलली. पेज मागितली. मंग गेली कशानं?"

मी म्हटलं, "बाळंतरोगानं."

"त्यो कंचा रोग?"

आम्ही कागदावर हाच शब्द लिहितो आणि पुढच्या रोग्याकडं वळतो. पण बुडून मेलेल्या माणसाला कुणी 'पाणीरोग झाला' म्हणत नाही. मग हा शब्द आम्हाला कसा चालतो? अजून हेच डोक्यात आहे.

१६ जानेवारी

बायकोला, बिट्रिसला, रतनची हकीकत सांगितली. तिला सहावा महिना चालू आहे, आपलं पहिलंच मूल, म्हणून सांगावं की नको असं वाटत होतं. पण ती खोदून खोदून विचारू लागली. किती वेळ कळा आल्या, सुईण कोण, वार पडली होती का? मला यातलं एकही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मग तुम्ही त्या माणसाला विचारलंत तरी काय?"

ईस्टरनंतर तिला बाळंतपणाला ठाण्याला माहेरी पाठवायचं ठरलं आहे. टेंभी नाक्याजवळ तिच्या आईचं घर आहे आणि तिची थोरली बहीण क्लारा तिथंच असते. क्लारा मुंबईच्या इस्पितळात शिकून सुईणीची परीक्षा पास झालेली. तेव्हा आमच्या घरापुरती काळजी नाही.

२० जानेवारी

देवळातली रविवारची मिस्सा झाल्यावर होडीनं पलीकडं गेलो. पाड्यावरची पुरुषमाणसं ओट्यावर जमली. बायका आत. दाराआडून बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. मी सरळ विचारलं, "रतन का गेली? उशीर का केलात? आधी का नाही आणलंत?"

धोंडीबा म्हणून पाड्याचा म्हातारा आहे, मिशा पांढऱ्याशुभ्र. तो उठून उभा राहिला. "आमची पोर आमीच मारली, असं म्हनाचं हाय काय तुला? सरकारानं धाडलाय?"

मी नाही नाही म्हणेपर्यंत ओटा रिकामा झाला.

गेल्या आठवड्यात ठाण्याला गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या साहेबांना, म्हणजे सिव्हिल सर्जनना, मी ही चौकशी बोलून दाखवली होती. ते म्हणाले, "दवाखान्यात येतात त्यांना बरे करा. न आलेल्यांच्या मागे कशाला लागता?" त्यांचंही चुकत नसेल. पण आलेल्यांवरून न आलेल्यांचं काही कळत नाही, त्याचं काय करू?

२७ जानेवारी

बिट्रिस म्हणाली, "तुम्ही 'का' विचारता. 'का' म्हटलं की माणसाला चोर धरल्यासारखं वाटतं. नुसतं म्हणावं, काय झालं सांगा. आणि मग काय झालं. आणि मग." मी येऊ नको म्हटलं, तरी ती आलीच. पोट पुढं आलेली बाई होडीतून उतरताना पाहून बायका आपणहून पुढं झाल्या, हात देऊन तिला आत घेऊन गेल्या. मी ओट्यावर बसून धोंडीबाबरोबर मीठ आणि भरती यांच्याविषयी बोलत राहिलो. चांगलं बोलतो म्हातारा.

होडीत तिनं सगळं सांगितलं. मूल झालं पण वार पडली नाही. रंगूबाई ही पाड्याची सुईण. अनुभवी आहे, तिनं वाट पाहिली. रक्त जात होतं. बायकांना आधी बरंच वाटलं, घाण जाते आहे, पोट हलकं होईल. रतन पाणी मागत होती, पण ओल्या बाळंतिणीला गार पाणी देत नाहीत. मग ती जांभया देऊ लागली. एकामागून एक, मोठमोठ्या. सगळ्या म्हणाल्या, दमली बिचारी, झोप आली.

ती झोप नव्हती. अंगातलं रक्त सरल्यावर माणूस असा हवेसाठी तोंड उघडतो, हे मी वर्गात शिकलो आहे. पण त्या खोलीत ते कुणी शिकलेलं नव्हतं, आणि मी तर ओट्यापलीकडं कधी गेलोच नव्हतो.

पुढं रंगूबाईला भीती वाटली. तिनं गुणाजीला आगरावरून बोलावलं. पण न्यायचं की नाही हे थोरला भाऊ ठरवणार, तो भिवंडीच्या बाजाराला गेलेला. तो येईपर्यंत पाणी ओसरलं.

म्हणजे रतन कशानं गेली? रक्तानं, की जांभयांचा अर्थ न कळल्यानं, की भिवंडीच्या बाजारानं, की ओहोटीनं? मला एक कारण हवं होतं. हाती चार आली आणि ती एकमेकांचे हात धरून उभी आहेत. या साखळीतली एक जरी कडी तुटली असती, तर?

३ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. या खेपेला बिट्रिसनं रंगूबाईला क्लाराकडून ऐकलेलं सांगितलं: मूल झाल्याबरोबर छातीला लावावं, बेंबीखाली हातानं चोळत राहावं, गोळा घट्ट लागला पाहिजे. रंगूबाई म्हणाली, चोळणं तिला माहीत आहे, पण छातीला तिसऱ्या दिवसाआधी लावत नाहीत. दोघींचा बराच वाद झाला म्हणे. शेवटी रंगूबाई म्हणाली, "तुज्या येलेला बघू. तू लाव, मंग मी लावीन."

बाहेर मी धोंडीबाला सगळी हकीकत जशीच्या तशी ऐकवली. कुणाला बोल न लावता. त्यानं खाडीकडं पाहिलं. मग गुणाजीच्या थोरल्या भावाला हाक मारून म्हणाला, "आजपासून पाड्यात कुना बाईला कला लागल्या का होडी खोल पान्यात नेऊन बांधाची. आन् नेवाचं का नाय, ते रंगू ठरवील. बापय मानूस घरात असो नसो."

माझ्या औषधांच्या कपाटातलं एकही औषध यात नाही!

१० फेब्रुवारी

आज दुसरी हकीकत. सखुबाई नावाच्या बाईची सून बारकी गेल्या दिवाळीत आठव्या महिन्यात गेली. तिला झटके आले, दात खिळले, तोंडाला फेस आला. बाहेरची बाधा म्हणून भगताला बोलावलं. तिसऱ्या झटक्यानंतर शुद्ध आली नाही.

बिट्रिसनं सखुबाईला विचारलं, त्याच्या आधी काय झालं होतं? आणि त्याच्याही आधी? तेव्हा हळूहळू निघालं. महिनाभर बारकीचे पाय सुजले होते. जोडवी रुतायला लागली, ती तेल लावून काढावी लागली. तोंडही सुजलेलं. डोकं दुखायचं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणायची.

मी दौलतला, म्हणजे बारकीच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन विचारलं. तो गोंधळून म्हणाला, "पाय? पाय नाय बगितलं मी, डाक्तर."

मला संतापच आला. एका घरात राहायचं, तिच्या हातचं जेवायचं, आणि महिनाभर बायकोचे पाय सुजलेत याचा पत्ता नाही! माणसं डोळे कशाला वापरतात कोण जाणे. बिट्रिसला तसं म्हटलं. होडीत पाय लुगड्याखाली ओढून बसली होती. वारा गार होता.

१३ फेब्रुवारी

जुनं पुस्तक काढून वाचलं. एकच ओळ सापडली, पण काय ओळ! असे झटके येणाऱ्या गर्भार बायकांच्या लघवीत पुष्कळदा अंड्याच्या बलकाभोवती असतो तसा पांढरा अंश सापडतो. ती काचनळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. अंश असेल तर गढूळ होते, जास्त असेल तर साकळते. वर आम्लाचा थेंब टाकूनही गढूळपणा गेला नाही, म्हणजे खात्री.

दवाखान्यात अंग सुजलेला एक म्हातारा आहे, त्याची उकळून पाहिली. दह्यासारखी साकळली! माझी उकळली, स्वच्छ. मग कंपाउंडरची, तीही स्वच्छ. तो बिचारा फार घाबरला होता. लहान मुलासारखी मजा वाटली. म्हणजे झटके येण्याआधीच त्यांची खूण दिसू शकते? एखादी बाई झटक्यापूर्वी महिनाभर सापडली, तर तिला वाचवता येईल? पण कोणती बाई मला बाटली आणून देणार?

घरी आल्यावर बिट्रिसला सगळं रंगवून सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, किती पांढरं झालं म्हणजे वाईट?

१९ फेब्रुवारी

बिट्रिसनं लग्नाची अंगठी बोटातून काढून क्रुसाच्या दोऱ्यात गळ्यात घातली आहे. तांदळाच्या पिठाची उकड मळताना अडचण होत असेल. माझ्या जुन्या वहाणाही घालून फिरते. मी थट्टा केली, घरात दोन डॉक्टर झाले म्हणून. हसली.

अलीकडं अंगानं भरली आहे. गाल वर आलेत. आई पाहील तर खूश होईल.

६ मार्च, राखेचा बुधवार

आजपासून चाळीस दिवसांचे उपास; देवळात कपाळाला राख लावून आलो. बिट्रिसचं डोकं दुखत होतं. गर्भारपणी उपास नसतो असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, उपास केलेलाच नाही. मग उन्हानं असेल. ओल्या फडक्याची घडी कपाळावर ठेवली. पुस्तकातली अक्षरं नाचतात म्हणाली, म्हणून दिव्यापाशी वाचणं बंद करायला सांगितलं. तशीही ती फार वाचते.

आगरावर जायचं या आठवड्यात राहिलं. धोंडीबाचा निरोप आला: पाड्यात एक बाई सुखरूप सुटली, होडी खोल पाण्यात उभी होती, पण तिची गरज लागली नाही. न लागलेल्या होडीची बातमी कुणी मुद्दाम कळवावी, हे मला फार आवडलं.

९ मार्च

आज माझी इच्छा पुरी झाली. दुपारी जेवायला घरी आलो तर बिट्रिसनं एक बाटली पुढं ठेवली. शेजारच्या एका बाईची आहे, आठवा महिना आहे, नाव सांगू नको म्हणाली आहे. त्या बाईनं आपलं बोलणं इतकं मनावर घेतलं!

जेवण तसंच टाकून दवाखान्यात पळालो. नळी दिव्यावर धरली. आधी वरचा थर धुकं पडल्यासारखा झाला, मग पाहता पाहता सगळी नळी पांढरी आणि घट्ट. आम्ल टाकलं, तशीच. नळी उलटी केली तरी पडेना! म्हाताऱ्याच्या नळीपेक्षा जास्त. असा नमुना पुस्तकातसुद्धा कुणी इतका स्पष्ट लिहिलेला नाही.

धावत घरी येऊन सांगितलं. म्हटलं, ही बाई मोठ्या धोक्यात आहे. तिनं आजपासून अंथरुणावर पडून राहिलं पाहिजे, नुसतं दूध घ्यायला हवं, आणि शिकलेली सुईण जवळ हवी. तिच्या नवऱ्याला ताबडतोब सांगायला हवं.

बिट्रिस म्हणाली, "सांगितलंय त्याला."

"मग? काय म्हणाला?"

"तो फार हुशार आहे. कळेल त्याला."

असले हुशार नवरे मी पुष्कळ पाहिलेत. उद्या त्या घरी मला घेऊन चल म्हटलं. बरं म्हणाली.

११ मार्च

काय लिहू?

काल त्या घरी नेणं बिट्रिसनं आजवर टाकलं होतं. आज सकाळच्या गाडीनं क्लारा आली. बिट्रिसनं तिला ठाण्याला जाणाऱ्या कुणाबरोबर निरोप धाडला होता, मला न सांगता. क्लारा दारात पेटी ठेवून सरळ आत गेली, बहिणीचं लुगडं घोट्यावरून वर केलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ओल्या चिखलात राहावा तसा.

"कॉस्मास," ती म्हणाली, "हिचे पाय पाहिलेस का तू?"

मी त्या खळग्याकडं पाहत राहिलो. अंगठी, वहाणा, डोकं, नाचणारी अक्षरं, ती बाटली. सगळं मी माझ्या हातानं या वहीत लिहिलं आहे. ते मी लिहिलं, पण वाचलं नाही.

दौलत, तुझी क्षमा मागतो.

१२ मार्च

अंथरुण, दूध, रेचक क्षार. खोलीत अंधार, पायरव नाही. क्लारा तिच्या उशापासून हलत नाही. ठाण्याला न्यावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, गाडीच्या धक्क्यांत झटका आला तर काय करशील? मोठ्या साहेबांना तार केली. त्यांनी क्लोरोफॉर्मच्या बाटल्या पाठवल्या, आणि लागलं तर येईन म्हणाले. माणूस वाईट नाही.

मी दर सकाळी उकळून पाहतो. आता मजा वाटत नाही. आज किंचित कमी पांढरी वाटली. की मला तसं वाटायला हवं आहे?

१७ मार्च

दुपारी पहिला झटका. तिनं "डोळ्यांपुढं पिवळं झालं" म्हटलं आणि लगेच मान एका अंगाला वळली. क्लारानं दातांमध्ये फडक्याची घडी सरकवली, मी नाकाशी क्लोरोफॉर्म धरला. हात कापत होता. क्लारा ओरडली, "नवरा बाहेर ठेवून ये, मला डॉक्टर पाहिजे!" त्यानंतर कापला नाही.

आणखी दोन झटके आले. त्यातच कळा सुरू झाल्या. मोठे साहेब संध्याकाळच्या गाडीनं आले, चिमटा लावून मूल काढलं. मुलगी. एका तळहातावर मावेल एवढी. क्लारानं लगेच पाणी ओतून बाप्तिस्मा दिला, नाव कार्मेल. मग तिला कापसात गुंडाळलं, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवलं. एवढीशी, पण आवाज केला.

बिट्रिस शुद्धीवर नाही.

१९ मार्च

शुद्धीवर आली. माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?" दिसत नव्हतं तिला. साहेब म्हणतात, असं होतं, बहुधा परत येतं. त्या 'बहुधा'ला धरून बसलो आहे.

२६ मार्च

खिडकीची चौकट दिसू लागली. मग माझी दाढी. वाढलेली आहे म्हणाली.

तिला बाळंतपणातलं काही आठवत नाही. मला पाशी बसवून सगळं विचारलं. मी टाळत होतो, ती सोडेना. शेवटी पहिल्या झटक्यापासून सांगितलं. ती इतक्या लक्षपूर्वक ऐकत होती, जसं दुसऱ्याच कुणाचं असावं. मध्येच म्हणाली, "तुमचा हात कापत होता का? ते नाही सांगितलंत."

मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, भिऊ नको, काही होत नाही. मला ते ऐकायचं नव्हतं, कारण मी लगेच ऐकलं असतं. बाटलीला कुणी भिऊ नको म्हणत नाही."

थोड्या वेळानं म्हणाली, "आणि त्या दिवशी तुम्ही दौलतवर इतके रागावला होतात. मग मला सांगवेना."

कार्मेल थेंबाथेंबानं दूध घेते. क्लारा तिला तासातासाला उठवते. ती उठत नाही, मग क्लारा तिच्या टाचेला टिचकी मारते.

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

दुपारी होडीभर बायका आल्या. रंगूबाई, सखुबाई, आणखी दोघी-तिघी, त्यांतल्या एकीची तरणी सून, दिवस भरत आलेली. कुणी आजारी नव्हतं. झटके येऊन वाचलेली बाई पाहायला आल्या होत्या. सखुबाई बराच वेळ बिट्रिसच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. रंगूबाईनं कार्मेलला उचलून वजन अजमावलं, आणि पहिल्या दिवशी छातीला लावली होती का विचारलं. बिट्रिस म्हणाली, मी शुद्धीवर नव्हते, पण क्लारानं तसंच धरून लावली होती. रंगूबाईनं मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

मला आतल्या खोलीत बसवलं होतं. बायकांमध्ये पुरुषाचं काय काम? भिंतीपलीकडून हसणं ऐकू येत होतं. बहुतेक एकमेकींच्या नडग्या दाबून पाहत होत्या.

मग बिट्रिसची हाक आली. "अहो, बाहेर या. ही बोलावते तुम्हाला."

तरणी सून भिंतीला टेकून बसली होती, पदर कपाळावर ओढलेला. तिनं पाय पुढं केला. आजवर एकाही बाईनं आपणहून मला असं काही दाखवलं नव्हतं. मी अंगठा दाबला. खळगा राहिला नाही. बरं आहे म्हणालो.

पण पाय सोडताना मला तिच्या पायाची नखं दिसली. पांढरी, रक्त नसल्यासारखी. तिला वर पाहायला सांगितलं. पापणीच्या आतही तसंच, कागदासारखं. हे सुजेचं नव्हे. अंगात रक्तच कमी आहे; ते कशानं, मला ठाऊक नाही. पुस्तकात कुठं पाहायचं तेही ठाऊक नाही. बाळंतपणात हिचं थोडं रक्त गेलं तरी हिच्याजवळ उरेल काय?

मी विचारलं, "दिवसभरात काय काय खातेस, सांगशील? सकाळपासून?"

तिनं सासूकडं पाहिलं. सासूनं मान खाली घातली. कार्मेल रडायला लागली, तिला बिट्रिसनं घेतलं. कुणी घाई केली नाही.

मग सासूच म्हणाली, "सांग गो. खरं हाय ता सांग."